पाचगणीहून आणलेला जुना ज्युनिपर: वर हिरवा आहे, पण खाली लागलाय का?

गोडोलीकर (सातारा) | १९ ऑगस्ट, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बोन्सायचा नाद तसा जुना, पण आजवर सगळी झाडं वड, उंबर, पिंपळ, जेड अशीच. सूचिपर्णी झाड पहिल्यांदाच हातात आलंय आणि ते जाऊ नये असं फार वाटतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

पाचगणीत ओळखीच्यांचा जुना बंगला आहे. पुढचं बांधकाम पाडून नवीन करायचं ठरलं, त्यात कंपाउंडलगतची झाडं जाणारच होती. नगरपरिषदेची परवानगी त्यांनी रीतसर काढली होती. मला फोन आला, "दोन झाडं तुझ्या कामाची वाटतात, घेऊन जा." एक ज्युनिपर, बुंधा मनगटापेक्षा जाड, एका बाजूची साल गेलेली आणि आतलं लाकूड ऊनपावसानं राखाडी पडलेलं. दुसरी कुंपणातली मोरपंखी, वर्षानुवर्षं कात्रीखाली राहून खाली चांगली जाड झालेली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, एक चांगला पाऊस होऊन गेल्यावर दोन्ही खणून काढली. ज्युनिपरचा मातीचा गोळा बऱ्यापैकी शाबूत निघाला. फक्त भिंतीच्या बाजूची एक जाड मुळी कुऱ्हाडीनं तोडावी लागली. ओल्या गोणपाटात बांधून छोटा हत्ती टेम्पोतून पसरणी घाटानं खाली आणली.

घरी टोमॅटोच्या क्रेटला आतून शेडनेट लावून त्यात बसवली. गोळ्याभोवती काळी माती, शेणखत आणि थोडी वाळू. दोन्ही क्रेट गच्चीवर आहेत.

आता परिस्थिती अशी. ज्युनिपर एकंदर हिरवा आहे. पण भिंतीच्या बाजूला जी फांदी होती ती तपकिरी पडत चाललीय. आतली काही पानं पिवळी होऊन गळतात. मातीवर हिरवं शेवाळ आलंय. जोराचा पाऊस आला की पाणी वर साचतं आणि हळूहळू मुरतं. झाड जरा ढकललं की बुंध्याशी डुगडुगतं.

एका नर्सरीत विचारलं तर म्हणाले, वरचा पाला निम्मा कमी करा, चमचाभर डीएपी खत टाका आणि दर आठवड्याला बुरशीनाशक मारा. ते करू का? माती आत्ता बदलावी का? फांद्या वळवून आकार द्यायला तार कधी लावता येईल? आकार डोळ्यांसमोर दिसतोय, हात शिवशिवतायत.

शेवटचं एक. मेहुणा फौजेत आहे, सध्या पोस्टिंग डेहराडूनकडे. तो म्हणतो, सुट्टीवर येताना डोंगरातून देवदाराचं एखादं खुरटं झाड उपटून आणतो. आणू द्यावं का?

---

मिरज_मळा | १९ ऑगस्ट, रात्री १०.१५

झाड लाखात एक मिळालंय, अभिनंदन. मुळं तोडली तेवढा पाला कमी करायचा, हा साधा हिशोब आहे. मी आजवर उंबर, चिंच, बोर सगळ्यांना तसंच केलंय, उलट नवी फूट जोमानं येते. डीएपीबद्दल मात्र खात्री नाही. तासगावकर आबांना विचारा, त्यांच्याकडे ज्युनिपर आहेत.

---

तासगावकर | २० ऑगस्ट, सकाळी ६.२०

गोडोलीकर दादा, सगळे फोटो मोठे करून बघितले. असं लाकूड कुंडीत वाढवून येत नाही, त्यामुळे तुमची काळजी समजते. जरा लांबलचक लिहितो.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. ज्युनिपर वरून हिरवा दिसतोय म्हणजे तो लागला, असं धरायचं नाही. उंबराची मुळी गेली की चार दिवसांत पान लोंबतं, आपल्याला कळतं. ज्युनिपरची पानं म्हणजे बारीक खवले, वर मेणाचा थर. खालची मुळं संपली तरी खोडात-पानात असलेल्या ओलीवर ती कित्येक आठवडे, कधी महिने हिरवीच दिसतात. तपकिरी रंग सगळीकडे दिसायला लागतो तेव्हा झाड जाऊन बराच काळ झालेला असतो.

त्यात आपला पावसाळा. जुलै-ऑगस्टला साताऱ्याची हवा इतकी दमट असते की पानांतून पाणी फारसं उडतच नाही, त्यामुळे मुळी नसली तरी झाडाचं भागतं. कस लागतो तो पाऊस उघडल्यावर. ऑक्टोबर हिटला ऊन तापतं, हवा कोरडी होते, पानं पाणी मागायला लागतात आणि ते पुरवणारी मुळं खाली नसतील तर झाड बघता बघता बसतं. लोक म्हणतात, "पावसाळाभर छान होतं, दसऱ्यानंतर अचानक गेलं." अचानक काही नसतं. पावसाळ्यात मुळी झालीच नव्हती. आता तुमच्या हातात आहेत ते सप्टेंबरअखेरपर्यंतचे दिवस, आणि त्यात फक्त मुळी करून घ्यायची आहे.

माझी द्राक्षबाग आहे. एप्रिलची खरड छाटणी असो की ऑक्टोबरची फळछाटणी, आमच्याकडे बोलणं पांढऱ्या मुळीवरच येऊन थांबतं. वेल वरून कशीही दिसो, खुरप्यानं माती उकरून पांढरी मुळी चालू आहे का ते बघायचं आणि मग खतपाण्याचं ठरवायचं. तुमच्या झाडालाही हाच नियम लावा. आणि पांढरी मुळी चालते ती वाफशावर, म्हणजे मातीत ओलही आणि हवाही असते तेव्हा. चिखलात नाही, धुळीतही नाही.

म्हणून तुमच्या सगळ्या मजकुरातलं मला सर्वांत जास्त खुपलेलं वाक्य फांदी वाळल्याचं नाही, "पाणी वर साचतं" हे आहे. काळी माती ओली झाली की फुगते आणि तिच्यातली हवा जाते. पाचगणीच्या जांभ्याच्या तांबड्या मातीत वाढलेलं हे झाड, तिथं कितीही पाऊस झाला तरी पाणी वाहून जातं. कापलेल्या मुळ्यांची टोकं आता तुमच्या क्रेटमध्ये काळ्या चिखलाला टेकून बसलीत, आणि त्यात ओलं शेणखत. कूज तिथून सुरू होते.

माती आत्ता बदलायची का, तर हो, पण फक्त बाहेरची. हवा दमट आहे तोवरच हे काम होऊन जाऊ द्या. ढगाळ दिवस बघा, क्रेट सावलीत घ्या आणि बोथट लाकडी काडीनं गोळ्याभोवतीची काळी माती हळूहळू उकरून काढा. गोळ्याला हात लावायचा नाही. तो फोडायचा नाही, धुवायचा नाही, "बघू तरी आत काय आहे" म्हणून कोरायचा नाही. जिवंत बारीक मुळी आहे ती त्या तांबड्या गोळ्यातच आहे.

रिकाम्या जागेत भरायला दाणेदार मिश्रण करा. अमेरिकेत रॉकी पर्वतातून जुने पाइन-ज्युनिपर काढणारे लोक झाड लाकडी खोक्यात बसवतात आणि भोवती प्युमिस भरतात. तो ज्वालामुखीचा हलका, छिद्राछिद्राचा दगड, पाणीही धरतो आणि हवाही खेळती ठेवतो. आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच, पण आपला बेसॉल्ट घट्ट, तो आत पाणी घेत नाही. म्हणून पाणी धरायला वीट वापरायची. चांगली खरपूस भाजलेली भट्टीची वीट फोडा, चाळून ३ ते ६ मिलिमीटरचे दाणे ठेवा, खालची भुकटी टाकून द्या. भुकटी राहिली तर सगळी मेहनत वाया, कारण तीच दाण्यांमधल्या जागा बुजवते. दोन भाग वीट, एक भाग तेवढ्याच मापाची क्रशरची खडी, अर्धा भाग कोकोपीट. कोकोपीट दोन-तीनदा भिजवून पिळून घ्या, त्यात क्षार असतात. शेणखत, गांडूळखत काही नाही.

भरून झालं की झाड बांधा. डुगडुगतं असं लिहिलंत, ते आजच थांबवायला हवं. नवी मुळी केसासारखी नाजूक असते, गोळ्यातून बाहेर दाण्यांत शिरते आणि वाऱ्यानं बुंधा हलला की तिथंच तुटते. क्रेटच्या जाळीतून नायलॉनची दोरी ओवून बुंधा दोन बाजूंनी आवळा, दोरीखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला म्हणजे साल चिरडणार नाही. क्रेट धरून हलवल्यावर झाड आणि क्रेट एकत्र हललं पाहिजे.

आता पाणी. गोळा आणि भोवतीचे दाणे वेगवेगळ्या वेगानं वाळतात. वरून ओतलेलं पाणी सैल दाण्यांतून खाली पळतं आणि गोळा आतून कोरडा राहू शकतो, किंवा बाहेर कोरडं दिसतं म्हणून तुम्ही घालत राहता आणि गोळा आत गच्च ओला असतो. बांबूची बारीक कामटी बुंध्यापासून चार बोटांवर गोळ्यात खुपसून ठेवा. दहा मिनिटांनी काढा. गडद, ओली, माती चिकटलेली निघाली तर पाणी नाही. फिकट, नुसती गार लागली तर पाणी, आणि तेही गोळ्यावर झारीनं सावकाश, थांबून थांबून. मोठा पाऊस लागला तर क्रेटच्या एका बाजूखाली वीट सरकवून ती तिरकी करा, तळाशी अडकलेलं पाणी निथळून जातं. शक्य असेल तर पिंपात पागोळ्यांचं पाणी साठवा. आमच्या भागात बोअरचं पाणी जड, कुंडीच्या कडेला पांढरा क्षार धरतो, आणि मुळी नसलेल्या झाडाला तो फार जाचतो.

पाला कापू नका. मिरजकर, तुमचा हिशोब उंबर-चिंचेला बरोबर आहे, ती झाडं खोडात-मुळात साठा ठेवतात आणि बोडकी केली तरी फुटतात. ज्युनिपरची बरीचशी ताकद पाल्यातच असते. शेंड्याच्या कोवळ्या टोकांत ऑक्झिन नावाचं वाढीचं संप्रेरक तयार होतं, ते खाली उतरतं आणि मुळी फुटायला लावतं. शेंडे कापले की मुळीचं इंजिन बंद. शिवाय ज्युनिपरच्या ज्या फांदीवर हिरवं उरत नाही ती पुन्हा फुटत नाही, संपली. पूर्ण वाळलेल्या बारीक डहाळ्या सोडून कात्री लावायची नाही.

भिंतीकडच्या फांदीचं कारण तुम्हीच लिहिलंय. ज्युनिपरमध्ये रस सरळ रेषेत चढतो. ठराविक मुळी ठराविक फांदीला पोसते, मध्ये बुंध्यावर तिची स्वतंत्र शीर असते. कुऱ्हाडीनं तोडलेल्या मुळीची ती फांदी होती. हा रोग नाही, त्यामुळे दर आठवड्याच्या बुरशीनाशकाचंही काम नाही. फांदी वाळू द्या, पण कापू नका. पुढं याच फांदीचं सोललेलं पांढरं लाकूड त्या झाडाचं सगळ्यात देखणं अंग होईल. आतली थोडी पिवळी पानगळ होते तिची चिंता नको, जुनी आतली पानं झाड टाकतंच. टोकं फिकी, राखी, निस्तेज व्हायला लागली तर काळजी करा. टोकाला पोपटी, उजळ रंगाची नवी वाढ दिसली की समजा खाली काहीतरी चाललंय.

डीएपी अजिबात नको. मुळीच नाही तर खत घेणार कोण? मातीत क्षार वाढतो आणि उरलीसुरली टोकं करपतात. टोकांना पोपटी वाढ दिसेपर्यंत फक्त पाणी आणि हवा.

तारेचं विचारलंत. पूर्ण दोन हंगाम थांबा. फांदी वाकवली की आतली शीर ताणते, तुटते, आणि आत्ता झाडाकडे एकही शीर वाया घालवायला नाही. बाजारात लोकांना चार महिन्यांत कुंडी आणि आकार हवा असतो, म्हणून अशी कित्येक जुनी झाडं हकनाक जातात. मला ते बघवत नाही. पन्नास वर्षं वाढलेलं झाड दोन वर्षं नुसतं जगू द्या.

---

वाईची_माळीण | २० ऑगस्ट, दुपारी २.०५

आबांनी ज्युनिपरचं सगळं सांगितलंय, मी मोरपंखीचं सांगते. माझ्याकडे जुन्या वाड्याच्या परसातली एक आहे, ती आता उथळ कुंडीत व्यवस्थित बसलीय.

मोरपंखी ज्युनिपरच्याच कुळातली, पण तिचा पाला उभ्या पंख्यांसारखा दाटीनं येतो आणि त्याच्या आत वारा खेळत नाही. पावसाळ्यात वाळकी पानं आतल्या आत अडकून ओली राहतात आणि काळी पडतात. कात्री न लावता, दोन बोटांनी हलक्या हातानं ती वाळकी पानं तेवढी काढून टाका. एका दिवसात सगळं झाड साफ करायला जाऊ नका, रोज एक बाजू. हिरव्याला हात लावायचा नाही. जुन्या उघड्या लाकडातून तिलाही नवी फूट सहसा येत नाही, तेव्हा बुंध्याजवळची बारीक हिरवी डहाळी म्हणजे पुढची फांदी समजून जपा.

क्रेट गच्चीवरून खाली घ्या. हे मी कळकळीनं सांगतेय. पावसाळ्यात काही वाटत नाही, पण पाऊस उघडला की स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रीपर्यंत खालून ऊब सोडत राहतो. शिवाय साताऱ्याच्या गच्चीवर वारा केवढा! पाणी नुसतं ऊनच उडवत नाही, वाराही उडवतो. आंब्याखाली किंवा घराच्या पूर्वेच्या भिंतीशी, खाली दोन विटा ठेवून क्रेट ठेवा. सकाळचं कोवळं ऊन मिळावं, दुपारचं नको. अगदी अंधारी सावलीही नको, पाल्याला उजेड मिळाला नाही तर मुळीला अन्न कुठून मिळणार?

मातीवरचं शेवाळ खरवडून काढा. दिसायला छान दिसतं, पण खालची ओल कळत नाही. त्याऐवजी ऑक्टोबरपासून वर नारळाच्या काथ्याचा पातळ थर टाका. पाल्यावर पाण्याचा बारीक फवारा सकाळी आणि दुपारी उन्हाच्या वेळी मारा, तिन्हीसांजेला नको. रात्रभर ओला पाला राहणं मोरपंखीला मानवत नाही. आणि आर्द्रता हवी म्हणून झाडाला प्लास्टिकच्या पिशवीत महिनोन्‌महिने कोंडून ठेवू नका.

---

कोयनाखोरे (पाटण) | २० ऑगस्ट, संध्याकाळी ७.३०

देवदाराबद्दल स्पष्ट लिहितो, गोडोलीकर राग मानू नका. मेहुण्यांना आजच फोन करून नको म्हणून सांगा. राखीव जंगलातून रोप उपटणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. जंगलातून आणलेलं झाडझुडूप हे वनोपज धरलं जातं आणि त्याच्या वाहतुकीलाही परवाना लागतो. फौजेतल्या माणसाला असल्या गोष्टीत अडकवायचं कशाला?

कायदा बाजूला ठेवला तरी देवदार इथं रमणार नाही. तो साधारण दीड हजार ते तीन हजार मीटर उंचीवरचा, थंडीत बर्फ खाणारा. सातारा साडेसातशे मीटरच्या आसपास. एप्रिल-मेच्या उन्हात तो नुसता तग धरेल, त्याला थंडीची विश्रांती मिळणार नाही. पाइनच हवा असेल तर चीड त्यातल्या त्यात उष्णता सोसतो, खालच्या उंचीवरही वाढतो, पण तो नर्सरीतला, पिशवीत वाढवलेला घ्या. आणि कुठलाही पाइन आणलात तर मुळांवरची पांढरी, मुरल्या दह्यासारखी दिसणारी बुरशी औषध मारून घालवू नका. ती मुळांना पाणी आणि स्फुरद मिळवून देणारी सोबतीण असते.

वाचणाऱ्या इतरांसाठी अजून थोडं. आपल्या भागातल्या सह्याद्रीत सूचिपर्णी झाड रानात नाहीच. पश्चिम घाटातलं एकमेव मूळचं सूचिपर्णी म्हणजे नागेया, तेही पार दक्षिणेकडे, केरळ-तमिळनाडूच्या बाजूला. महाबळेश्वर-पाचगणीला असं जे दिसतं ते सगळं कुणीतरी लावलेलं आहे, म्हणजे कुणाच्या तरी मालकीचं आहे. तो पट्टा २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. खासगी आवारातलं झाड असलं तरी आधी लेखी परवानगी, मगच कुदळ. गोडोलीकरांच्या ओळखीच्यांनी ती काढली हे फार बरं झालं.

ज्यांना सुईसारखा पाला आवडतो त्यांनी सुरूच्या झाडाचं बोन्साय करून बघावं. सुरू सूचिपर्णी नाही, त्याच्या त्या सुया म्हणजे बारीक हिरव्या डहाळ्या आणि पानं त्यांच्या सांध्यांवर नुसत्या दातांएवढी. पण आपलं ऊन, आपलं पाणी त्याला मानवतं, छाटणीला तो भरपूर फुटतो आणि जुना झाला की साल सुंदर होते.

---

गोडोलीकर | २७ ऑक्टोबर, रात्री ८.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. मेहुण्याला त्याच रात्री सांगितलं, त्यालाही पटलं.

आबा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे बाहेरची माती काढली. तळाशी कुजट वास मारत होता, शेणखत अजून तसंच ओलं गच्च. भिंतीच्या बाजूला तोडलेल्या मुळीचं टोक काळं पडलेलं होतं. पण दुसऱ्या बाजूला, गोळ्याच्या कडेला, शेवयांसारखी चार-पाच पांढरी टोकं बाहेर आलेली दिसली. तिथंच हात थांबवला आणि दाणे भरले. दोरी बांधली. क्रेट खाली आंब्याजवळ, पूर्वेला.

गेल्या आठवड्यात क्रेटच्या जाळीला डोळा लावून बघत होतो, तर शेडनेटच्या छिद्रातून एक पांढरं टोक बाहेर डोकावतंय, पुढं पिवळसर. वर चार फांद्यांवर पोपटी टोकं आलीत. भिंतीकडची फांदी पूर्ण वाळली. मोरपंखी ठीक आहे.

पण आता नवीन काळजी. ज्युनिपरच्या एका बाजूचा हिरवा रंग मळल्यासारखा झालाय, जवळून बघितलं तर पाल्यावर बारीक फिकट ठिपके आणि कोळिष्टकासारखे धागे. हा काय प्रकार? आणि दिवाळीच्या सुट्टीत हाताशी वेळ आहे, निदान एका जाड फांदीला तार लावली तर चालेल का? खत आता सुरू करू का?

---

तासगावकर | २८ ऑक्टोबर, सकाळी ६.०५

दादा, जाळीतून बाहेर आलेल्या त्या पांढऱ्या टोकाचा फोटो बघून फार बरं वाटलं. पुढं पिवळसर टोक म्हणजे मुळी चालती आहे. तो शेडनेटचा तुकडा ओढू नका, कापू नका. बाहेर आलेलं टोक कोरड्या हवेनं आपोआप थांबेल आणि मागून फाटे फुटतील. जाळीच्या त्या बाजूला ऊन लागत असेल तर गोणपाटाचा तुकडा टांगा.

ठिपके आणि धागे म्हणजे लाल कोळी. पाऊस उघडला, हवा कोरडी झाली की हा येतोच, द्राक्षावर आम्हाला दरवर्षी भेटतो. खात्री करायला पांढरा कागद फांदीखाली धरा आणि फांदीवर टिचकी मारा. कागदावर मिरपुडीसारखे कण पडतील, क्षणभर थांबा, त्यातले काही चालायला लागतील. बोट फिरवलं की तांबूस रेघ उठते. सध्या औषध नको. पाइपचं तोंड बोटानं दाबून पाण्याची धार खालून वर, पाल्याच्या आत मारा, सकाळी. गोळा भिजून चिखल होऊ नये म्हणून क्रेटवर प्लास्टिक टाकून मग धार मारा. अंडी राहतात, ती फुटून पुन्हा कोळी येतात, म्हणून दर तीन-चार दिवसांनी असं दोन आठवडे करा. एवढं करून हटला नाही तरच पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम, आधी एकाच फांदीवर, उन्हं उतरल्यावर. कडक उन्हात गंधक मारलं तर पाला भाजतो. आणि निंबोळी तेल वापरलं असेल तर त्यानंतर किमान तीन आठवडे गंधकाला हात लावू नका, दोन्ही आगेमागे पडलं की झाड होरपळतं.

तार नाही. चार फांद्यांवर पोपटी टोकं आलीत, अजून सगळ्यांवर नाहीत. हात शिवशिवत असतील तर सुट्टीत वाळलेल्या फांदीकडे लक्ष द्या. बुंध्यापासून सुरुवात करून नखानं साल सैल झालीय का बघा. सैल झाली असेल तेवढीच सोला, चिकटून असेल तिथं थांबा, कारण तिथं खाली जिवंत शीर असू शकते. सोलताना झाड हलवू नका. लाकूड पूर्ण वाळू द्या, टोकाला आकार द्यायचं काम पुढच्या वर्षी.

खत म्हणाल तर आता अगदी हलकं सुरू करायला हरकत नाही. शेंगदाण्याची पेंड चार-पाच दिवस भिजवा, वरची निवळ घ्या, तिच्यात दहापट पाणी घाला आणि पंधरवड्यातून एकदा, तेही आधी साधं पाणी देऊन झाल्यावर. डिसेंबरच्या थंडीत वाढ मंदावली की बंद करा. फेब्रुवारीत पुन्हा टोकं उजळली की पुन्हा.

मार्च लागायच्या आत ५० टक्क्यांची शेडनेट डोक्यावर आणि पश्चिमेच्या बाजूला बांधून ठेवा, पहिला चटका बसल्यावर धावाधाव नको. उन्हाळ्यात गावाला जाणार असाल तर पाणी घालणाऱ्याला कामटी खुपसून बघायला शिकवून जा. "रोज एक तांब्या घाल" एवढंच सांगून जाऊ नका.